आत्या आजारी पडल्या

कोल्हापुरात आजारी पडावं आणि ते माझ्या बायकोच्या आत्यांना कळू नये, ही गोष्ट आजवर एकाही माणसाला साधलेली नाही. ताप आधी चढतो की आत्या आधी येतात, एवढाच काय तो प्रश्न असतो. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर आहे. यजमान बिद्रीच्या साखर कारखान्यात होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. माझ्या बायकोला लहानपणी त्यांनीच न्हाऊमाखू घातलं, त्यामुळे आमच्या घरावर त्यांचा हक्क सासूपेक्षाही काकणभर जास्त. पण त्यांचं खरं घर म्हणजे शहरातले दवाखाने. इतर बायका संध्याकाळी देवळात जातात, आत्या आजाऱ्यांना भेटायला जातात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मऊ भाताचा डबा, लिंबाच्या लोणच्याची बाटली आणि एक टॉवेल. हा टॉवेल कशासाठी हे कुणालाच माहीत नव्हतं, पण प्रत्येक वॉर्डात कुणाला ना कुणाला तो लागायचाच. मोठ्या दवाखान्यांचे वॉचमन भेटीची वेळ नसताना बाकीच्यांना हटकायचे, आत्यांना मात्र स्वतःहून सांगायचे, "आत्या, लिफ्ट बंद हाय आज, मागच्या जिन्यानं जावा."

फक्त ओळखीच्या माणसाला भेटून त्या परत आल्या असं कधी झालं नाही. ओळखीच्याची चौकशी पाच मिनिटांत आटपायची आणि मग शेजारच्या खाटेकडे वळायचं. "पावणं, तुमचं काय?" एवढ्या एका प्रश्नावर माणसं त्यांना पोटातलं सगळं सांगायची, बायकोला न सांगितलेलंसुद्धा. ऐकून झालं की त्या आजाऱ्याचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवायच्या आणि रंगावरून निकाल द्यायच्या. त्यानंतर धीर देणं सुरू व्हायचं, आणि तिथेच खरी पंचाईत होती. कारण आत्यांचा धीर नेहमी मेलेल्या माणसापासून सुरू व्हायचा. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. भूल पुरती उतरलीही नव्हती, तेव्हा उशाशी बसून त्या म्हणाल्या, "जावईबापू, हातकणंगल्याच्या आमच्या एका पावण्याचं हेच आप्रेशन झालतं. लई देखणा माणूस. गेला." मी डोळे गच्च मिटले. "पर तुमचं तसं न्हाय. त्याचा रंग गेलता, तुमचा चांगला हाय." शेजारच्या खाटेवरच्या हर्नियावाल्याने हे ऐकून घरी जायची परवानगी मागितली.

एकदा तर त्यांनी कमालच केली. गल्लीतल्या एका दुधवाल्याचं सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन होतं आणि त्याला काही खायला द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. आत्या पोचल्या. माणूस केविलवाणा बसलेला. त्यांना राहवेना. त्यांनी पिशवीतला डबा उघडला. अर्ध्या तासाने सर्जन आले तेव्हा दुधवाला समाधानाने ढेकर देत होता. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. सर्जन भडकले, तर आत्या त्यांच्यावरच चढल्या, "उपाशी माणसाला कापतासा व्हय? तुमच्या जिवाला कसं वाटतंय?" सर्जनांनी उपाशी का ठेवतात हे समजावून सांगितलं. आत्यांना ते पटलं, पण माफी मागायची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या सर्जनांसाठीच डबा घेऊन गेल्या.

मला वाटायचं, या नादामागे काहीतरी मोठं दुःख असणार. एकटी बाई, यजमानांचं आजारपण, असलं काहीतरी. मी शाळेत भूगोल शिकवतो, प्रत्येक गोष्टीचं उगमस्थान शोधायची मला खोड आहे. एकदा धीर करून विचारलं. आत्या चहा बशीत ओतता ओतता थांबल्या. "दुःख कसलं? मला आवडतंय," त्या म्हणाल्या. "लग्नात, बारशात माणसं नुसतं मिरवत्यात. दवाखान्यात खरं बोलत्यात." आणि बशी तोंडाला लावली.

अशा या आत्यांच्या पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. शेवटी माझ्या बायकोने त्यांना पाट उचलताना कळवळताना पकडलं आणि मला हुकूम झाला, यांना सोनोग्राफीला घेऊन जा. सोनोग्राफीचा डॉक्टर आत्यांच्या ओळखीचाच निघाला, त्याच्या आईला त्या भेटून आल्या होत्या. पोटावर यंत्र फिरवत तो गप्पा मारत होता. यंत्र उजवीकडे बरगडीखाली आलं आणि त्याच्या गप्पा थांबल्या. यंत्र तिथल्या तिथेच फिरत राहिलं. मग तो मला म्हणाला, "सर, जरा बाहेर येता का?"

मी परत आलो तेव्हा आत्या पदराने पोट पुसत होत्या. "काय सांगू नका," त्या म्हणाल्या. "तुमाला भाईर बोलावलं, म्हंजे मोठं हाय. मी काय आज दवाखाना बघतीया व्हय?"

मोठंच होतं. पुढच्या तपासण्यांत कळलं, यकृतात सुपारीएवढी गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे. कधीकाळी कावीळ करणारा एक विषाणू शरीरात शिरला होता आणि कसलाही आवाज न करता वर्षानुवर्षं तिथे मुक्काम ठोकून राहिला होता. त्याने यकृत कडक करून टाकलं होतं. आत्यांना या सगळ्यातली एकच गोष्ट झोंबली. "लिव्हर?" त्या डॉक्टरांवर कडाडल्या. "माझ्या तोंडाला जल्मात ताकाबिगर काय लागलं न्हाय! आन् मला लिव्हर?" दारू न पिणाऱ्यालाही हे होतं, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. "तुमी मला सांगतासा," आत्या म्हणाल्या, "पेठेला कोण सांगणार?"

म्हणून बाहेर कुणाला काही कळू द्यायचं नाही असं ठरलं. साऱ्या शहराच्या आजारांची खबर ठेवणाऱ्या आत्या स्वतःचा आजार लपवायला लागल्या. मी म्हटलं, सांगा की लोकांना, येतील भेटायला, बरं वाटेल. आत्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरलो. "ती येऊन काय बोलणार ते मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलंय की त्यास्नी!"

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की यकृत एवढं कडक आहे की कापून गाठ काढणं झेपणार नाही. सुईने गाठ जाळायची पद्धत असते, पण ही गाठ पित्ताच्या नळीला आणि एका मोठ्या शिरेला अगदी खेटून बसली आहे. जाळायला जावं तर नळी भाजायची. न जाळता गाठ मारायची एक नवी पद्धत आहे, त्यासाठी मुंबईला जा. आत्यांनी पेठेत जाहीर केलं, आपण भाचीच्या नणंदेच्या लग्नाला मुंबईला चाललो. भाची म्हणजे माझी बायको, आणि तिची नणंद म्हणजे माझी बहीण. तिच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली आहेत. मी हे निदर्शनास आणून दिलं तेव्हा आत्या म्हणाल्या, "मग चुलत नणंद. तुमास्नी चुलत बहिणी न्हाईत व्हय?"

मुंबईच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. केस आखूड, बोलणं शांत. त्यांनी कागदावर यकृत काढलं, त्यात गाठ काढली आणि गाठीभोवती बारीक रेघा ओढल्या. "या सुया. पोटाच्या कातडीतून आत जातील, स्कॅनवर बघत बघत. मग या सुयांमधून विजेचे अगदी छोटे, जोरकस धक्के द्यायचे. त्याने गाठीतल्या पेशींच्या आवरणाला बारीक बारीक भोकं पडतात आणि पेशी मरतात. उष्णतेवर काम चालत नाही, म्हणून शेजारच्या नळीला आणि शिरेला त्या मानाने धोका कमी. या पद्धतीला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात."

"इलेक्ट्रिक कार्पोरेशन," आत्यांनी मान डोलावली. पुढे कायम त्यांनी हेच नाव वापरलं. "म्हंजे कापायचं न्हाय, जाळायचं न्हाय. नुसता शॉक."

"हो."

"आन् मधीच लाईट गेली तर?"

डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. जनरेटर आहे म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की पूर्ण भूल द्यावी लागते, कारण धक्क्याने सगळे स्नायू उडतात, आणि प्रत्येक धक्का हृदयाच्या ठोक्याशी वेळ जुळवूनच द्यायचा असतो.

"काळजाला इचारून," आत्या म्हणाल्या.

"अगदी बरोबर. काळजाला विचारून."

आत्यांनी थोडा वेळ कागदावरच्या यकृताकडे पाहिलं. "बाई, तुमी अशी किती केलीसा?"

मला वाटलं, डॉक्टर आता काहीतरी गोल बोलतील. त्या म्हणाल्या, "फार नाही, आजी. पद्धत नवी आहे. गाठ जाईल अशी मला चांगली आशा आहे, पण परत येणारच नाही अशी खात्री मी देऊ शकत नाही. रक्तस्राव होऊ शकतो, थोडं यकृत दुखावू शकतं, नंतर काही दिवस खांदाही दुखतो. तुम्ही घरच्यांशी बोला, मग ठरवा."

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. आजूबाजूला माणसंच माणसं. एरवी अशा ठिकाणी आत्यांचा प्रश्न सुरू झाला असता. त्या दिवशी त्या पिशवी मांडीवर घेऊन नुसत्या बसून होत्या. बायकोने त्यांचा हात हातात घेतला. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मी आजवर लई जणांस्नी म्हटलंय, भिऊ नगासा. असं म्हणणं लई सोपं असतंय ओ."

"आत्या, तुला नको असेल तर नको करूया," बायको म्हणाली. "आपण घरी जाऊ. दुसरं काहीतरी बघू."

आत्यांनी तिचं तोंड पदराने पुसलं. "करायचं," त्या म्हणाल्या. "ती बाई खात्री देत बसली असती, तर मी उठून आले असते. न्हाय म्हाईत ते न्हाय म्हाईत म्हणाली. हिच्या हातानं करून घ्यायचं."

ठरल्या दिवशी सकाळी त्यांना उपाशी ठेवलं होतं. नर्सकडे त्यांनी अर्धा कप चहा मागितला, नर्सने नकार दिला, आणि आत्यांनी मुकाट्याने मान हलवली. भूल देणारे डॉक्टर न्यायला आले तेव्हा त्यांनी हातातल्या बांगड्या उतरवून बायकोकडे दिल्या आणि खाट ढकलणाऱ्याला म्हणाल्या, "चल बाबा, बिगी बिगी. शॉकची वेळ झाली."

दार बंद झालं आणि आम्हा दोघांना एकदम कळेना, आता काय करायचं. दवाखान्यात वाट बघायची वेळ यापूर्वीही आली होती, पण तेव्हा आत्या असायच्या. त्यांची बडबड असायची, डबा असायचा, मेलेल्या पाहुण्यांची नावं असायची, आणि वेळ कसातरी सरायचा. आता समोर नुसती भिंत. बायको बांगड्या मुठीत धरून बसली होती. तेवढ्यात शेजारी एक जाडजूड कोकणी बाई येऊन बसली, आमच्याकडे तिने नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "कोण आहे आत?" आम्ही सांगितलं. "अगो बाई! आमच्या वाडीतल्या एकाचं असंच लिव्हरचं होतं," ती म्हणाली. एरवी मी उठून गेलो असतो. त्या दिवशी मीच तिच्याकडे सरकलो आणि विचारलं, "मग? वाचले का?" "वाचला म्हणजे? आता आंब्याच्या झाडावर चढतो!" हे खरं होतं की खोटं देव जाणे. तिने आम्हाला डब्यातली घावनं खायला लावली आणि आम्ही ती खाल्ली.

दार उघडून डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा मास्क गळ्यात लोंबत होता आणि कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "ठरवलं होतं तसं झालं," त्या म्हणाल्या. "हृदयाने छान साथ दिली." बायकोने त्यांचे हात धरले आणि त्यांना काही बोलूच दिलं नाही.

आत्या शुद्धीवर आल्या, घसा बसलेला, ओठ कोरडे. मी वाकून विचारलं, "आत्या, कसं वाटतंय?" त्या काहीतरी पुटपुटल्या. मी कान जवळ नेला. "लाईट गेली न्हाय न्हवं?" असं त्या विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन वॉर्डात गेलो तर खाट रिकामी. मग पडद्यापलीकडून तो घोगरा आवाज ऐकू आला. एका हातात सलाईनचा स्टँड धरून आत्या शेजारच्या खाटेवर बसल्या होत्या. तिथे एक गुजराती बाई होत्या, सुयांच्या भीतीने उपचार नकोच म्हणून बसलेल्या, मुलांशीही बोलत नव्हत्या. आत्या त्यांना कोल्हापुरी हिंदीत सांगत होत्या, "बेन, डरनेका न्हाय. ये देखो." आणि त्यांनी झग्याची कड वर करून पोटावरचे सुयांचे ठिपके दाखवले. "मच्छर चावल्यासारखा. बस. खांदा दुखता है थोडा, वो मैं झूट न्हाय बोलूंगी." गुजराती बाईंनी ते ठिपके पाहिले, मग बोट लावून पाहिले. निघायच्या दिवशी त्यांचा मुलगा आत्यांच्या पाया पडायला आला. आईने होकार दिला होता.

आम्ही कोल्हापूरला परतलो तेव्हा लग्नाचा बेत उघडा पडलेला होता. मुंबईत असं एकही इस्पितळ नाही जिथे कोल्हापूरचं माणूस भेटत नाही. पेठेतल्या कुणाच्या तरी जावयाने आत्यांना खाटेवरून नेताना पाहिलं होतं. आम्ही दारात उतरलो तर गल्लीत रांग. शहाळी, अंडी, कुणाची नाचणीची आंबील, तो दुधवाला तर किटलीच घेऊन आलेला. आत्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. पहिल्या बाईने उशाशी बसून सुरुवात केली, "आत्या, आमच्या सांगलीच्या एका पावण्याचं असंच झालतं..." आणि आत्या ताडकन उठून बसल्या.

"मेला?"

बाई गडबडली. "व्हय."

"मग त्याला कशाला आणलीस हितं? एखादा वाचलेला सांग की!"

बाईला वाचलेला आठवेना. आत्यांनी तिला आठवायला बसवलं. मागच्या रांगेतली माणसंही आपापले वाचलेले आठवू लागली. कुणाची आजी, कुणाचा चुलता, कुणाची म्हैससुद्धा. संध्याकाळपर्यंत आत्यांच्या घरात इतकी वाचलेली माणसं गोळा झाली की त्यांचा रंग खरोखरच सुधारला. त्या दिवसापासून पेठेत भेटीला जाण्याची पद्धत बदलली. आत्या पुन्हा हिंडू लागल्या तशी त्यांनी स्वतःचीही बदलली. आता त्या हनुवटी धरून आधी म्हणतात, "मुंबईला एका बाईची लिव्हरची गाठ शॉक देऊन मारली, कोल्हापूरचीच हाय," आणि ती बाई कोण हे समोरच्याला ओळखायला लावतात.

पुढचे स्कॅन झाले. गाठ आहे त्या जागी मेलेली दिसते, तिच्यात रक्त जात नाही, नवी काही दिसत नाही. डॉक्टरबाई प्रत्येक वेळी म्हणतात, "आत्ता तरी सगळं छान आहे." तो 'आत्ता' मला टोचतो. आत्यांना टोचत नाही. "सगळ्यांचंच आत्ता असतंय," असं म्हणून त्या पुढची तारीख लिहून घ्यायला मला खुणावतात. त्या विषाणूवरच्या गोळ्या मात्र न चुकता घेतात, आणि कधी कधी दुपारी नुसत्या पडून असतात, जे पूर्वी कधी घडत नसे. अशा वेळी बायको काही काम नसताना त्यांच्या घरी जाऊन बसते.

मागच्या महिन्यात त्या आमच्याकडे आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "जावईबापू, डोळं करून घेऊया." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आम्हाला पत्ताच नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कधीच सांगून ठेवलं होतं, पण आता कशाला, किती दिवस राहिलेत, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. "आता जगायचंच हाय, तर दिसाय नगो?" त्या म्हणाल्या.

एकामागून एक दोन्ही डोळे झाले. काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली त्या सकाळी त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, उन्हात, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मला वाटलं, काही बिनसलं की काय.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी म्हातारं झालासा की ओ."

बायको हसत बाहेर आली. आत्यांनी तिला जवळ ओढलं, तिचा भांग उजेडाकडे वळवला आणि त्यातले पांढरे केस बोटाने बाजूला करत म्हणाल्या, "आन् तू पण पिकलीस? कवा गं?"

"तुला दिसत नव्हतं तेव्हा," बायको म्हणाली.

आत्या हसल्या नाहीत. तिच्या केसांवरून त्यांचा हात तसाच फिरत राहिला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "बघाय मिळालं."